चोरीची कॉमेडी कुणाला परवडते?

पिक्चरचं नाव 'द परफेक्ट स्कोअर'. साल 2004. दिग्दर्शक ब्रायन रॉबिन्स. गोष्ट एवढीच, की अमेरिकेतल्या प्रिन्स्टन गावची, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाची सहा पोरंपोरी कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेची उत्तरं चोरायला निघतात. परीक्षेचं नाव एस.ए.टी. ती तयार करणाऱ्या ई.टी.एस. या संस्थेचं हापिस त्यांच्याच गावात. रात्री इमारतीत शिरायचं, उत्तरं उचलायची, पैकीच्या पैकी मार्क मारायचे. आणि आपण हसायचं.

मी हसलो. खोटं कशाला बोलू? रॉय नावाचं गांजेकस पोरगं बोलायला लागलं की हसू येतंच. पण हसताहसता एक खिळा टोचत राह्यला. तो काढावा म्हणून हे लिहितोय.

आधी ही पोरं चोरीला का निघाली ते बघा. कायलला आर्किटेक्ट व्हायचंय, कॉर्नेलला जायचंय, मार्क कमी पडलेत. मॅटीची मैत्रीण मेरीलँड विद्यापीठात आहे, म्हणून त्यालाही तिथंच जायचंय. अ‍ॅना वर्गात दुसरी, पण पेपर समोर आला की गोठते. फ्रान्सेस्काची तर आणखीनच मजा. जी इमारत फोडायची ती तिच्या बापाच्या मालकीची. म्हणजे चोरी करायला जायचं ते बापाच्या घरात! आणि मग आहे डेझमंड, काळा पोरगा, बास्केटबॉलचा पट्टीचा खेळाडू. सेंट जॉन्स विद्यापीठ त्याला घ्यायला तयार आहे, पण परीक्षेत किमान मार्क तरी पाहिजेत.

दोस्तहो, ही सगळी चोरी बघताना तिला चोरी म्हणावंसं वाटतच नाही. ती खोडी वाटते. कॅमेराच तसा लाडानं बघतो त्यांच्याकडं. आता मनाशी एवढंच करून बघा. सहाच्या सहा पोरं डेझमंडच्या रंगाची आहेत. मध्यरात्र, बंद इमारत, पहारेकरी आला म्हणून पळापळ करणारी सहा काळी पोरं. राह्यली का कॉमेडी? एकानं केली की खोडी, दुसऱ्यानं केली की गुन्हा. हा हिशेब आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आणि हा हिशेब माझ्या मनचा नाही. याच ई.टी.एस.चा एक जुना किस्सा आहे. 1982 साल. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातलं गारफिल्ड हायस्कूल. गरीब, मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची पोरं. हायमे एस्कलांते नावाच्या मास्तरनं त्यांना कॅल्क्युलस शिकवलं, सकाळी-संध्याकाळी, सुट्टीतसुद्धा. 18 पोरं कॉलेजच्या दर्जाच्या परीक्षेला बसली आणि 18 पास झाली. ई.टी.एस.ला हे पचलं नाही. उत्तरांतल्या चुका सारख्या दिसतात म्हणून 14 जणांवर संशय घेतला. 12 जण पुन्हा परीक्षेला बसले. बाराही पास. यावर 1988 साली 'स्टँड अँड डिलिव्हर' नावाचा पिक्चर निघाला. तो कॉमेडी नाही. असूच शकत नव्हता.

मला तो पिक्चर बघताना शाळा आठवली. नववीत सहामाहीला गणितात 92 पडले होते. सरांनी सगळ्या वर्गासमोर उभं केलं. "कुणाचं बघून लिहिलंस?" माझ्या पुढंमागं बसणाऱ्यांत चाळिशीच्या वर कुणी नव्हतं. बघणार तरी कुणाचं? सरांनी फळ्यावर दोन गणितं घातली. सोडवली. तर म्हणाले, "पाठ करून आला असशील." बस खाली.

असो. पिक्चरकडं येऊ.

त्यात एक जागा खरोखर चांगली आहे. पोरं आत शिरतात, रॉय पासवर्ड ओळखतो, पडद्यावर पेपर येतो. पण कागदावर छापून काढता येत नाही. मग काय करतात? सहाजण मिळून तोच पेपर सोडवायला बसतात. ज्याला जे येतं ते तो सांगतो. चोरायला आले आणि रात्रभर अभ्यास करत बसले! ज्ञान एकेकट्याच्या डोक्यात कुलूपबंद नसतं, ते वाटून वाढतं, ही भानगड या प्रसंगात आपोआप येऊन गेली. पण लेखक-दिग्दर्शकाला आपल्याच हातात काय सापडलंय ते कळत नाही. तो घाईघाईनं पुढं पळतो. मग प्रत्येकाला आपापला साक्षात्कार, उत्तरं वापरायचीच नाहीत, स्वतःच्या हिंमतीवर पेपर द्यायचा, सगळं गोड. म्हणजे सुरुवातीला जी परीक्षा अन्यायी होती, तीच शेवटी स्वच्छ होऊन बसते. बदलली पोरं. चाळणी जिथल्या तिथं.

ही चाळणी कुणी विणली? कार्ल ब्रिगहॅम. प्रिन्स्टनचाच मानसशास्त्रज्ञ. 1923 साली त्यानं पुस्तक लिहून सांगितलं, की उत्तर युरोपातला गोरा सगळ्यांत हुशार, बाकीचे खाली, काळा आणखी खाली. पुरावा काय, तर सैन्यातल्या चाचण्यांचे मार्क. याच माणसाच्या देखरेखीखाली 23 जून 1926 ला पहिली एस.ए.टी. झाली. 1930 मध्ये ब्रिगहॅमनंच आपले जुने निष्कर्ष बिनबुडाचे असल्याचं कबूल केलं. परीक्षा मात्र चालूच राह्यली. पिक्चर प्रिन्स्टनमध्येच घडतो आणि यातलं अक्षर काढत नाही. आपल्याकडं 'मेरिट, मेरिट' म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांनाही मेरिटची अशी जन्मकुंडली मांडलेली आवडत नाही.

या परीक्षेतला एक प्रश्न फार गाजला. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, तेच वल्हं मारणाऱ्याचं कशाशी? उत्तर रेगाटा. म्हणजे नौकांची शर्यत. ज्याच्या बापजाद्यांनी क्लबात नौका वल्हवल्या त्याला हे पाळण्यात कळतं. डेझमंडसारख्याच्या वस्तीत कुठली रेगाटा? असले नात्यांचे प्रश्न 2005 साली परीक्षेतून काढले.

डेझमंडचं काम करणारा डेरिअस माइल्स हा नट नव्हे, खराच खेळाडू. ईस्ट सेंट लुइसचा. तोही सेंट जॉन्सलाच जाणार होता. गेला नाही. 2000 साली हायस्कूलमधूनच त्याला व्यावसायिक संघानं उचललं. पिक्चरमधल्या सहांत एवढा एकच माणूस आपल्या खऱ्या आयुष्याजवळ उभा आहे, आणि त्यालाच सगळ्यांत कमी बोलायला दिलंय. त्याच्या आईला तर गांजेकस रॉयला वळणावर आणायच्या कामाला लावलंय. काळी बाई पडद्यावर आली की कुणाचं तरी पोर सांभाळणारच.

आता शेवटची मेख. मार्च 2019 मध्ये अमेरिकेत मोठं प्रवेशकांड उघडकीला आलं. रिक सिंगर नावाचा दलाल श्रीमंतांच्या पोरांचे पेपर पैसे घेऊन दुरुस्त करवून देत होता. फेलिसिटी हफमन या नटीनं पोरीच्या एस.ए.टी.साठी 15,000 डॉलर मोजले. शिक्षा 14 दिवस. या तपासाला एफ.बी.आय.नं नाव दिलं 'ऑपरेशन व्हार्सिटी ब्लूज'. हे नाव 1999 च्या एका पिक्चरचं. दिग्दर्शक, हाच ब्रायन रॉबिन्स.

ज्यांना परीक्षेची वाटही नको होती त्यांच्यासाठी सिंगरकडं दुसरं दार होतं. खोटा खेळाडू बनवायचं. लोरी लॉफलिन ही नटी आणि तिचा नवरा यांनी पाच लाख डॉलर देऊन दोन पोरींना विद्यापीठाच्या नौकासंघातली खेळाडू म्हणून घुसवलं. पोरी त्या खेळातल्या नव्हत्याच. मग व्यायामाच्या वल्हेयंत्रावर बसवून त्यांचे फोटो काढले आणि पाठवून दिले.