विश्वकोशाची परिभाषा आणि विज्ञान-गणिताचे सहाध्यापन

पदवी-अभ्यासक्रमात निरनिराळ्या विद्याशाखांची सांगड घालावी, या विचाराचा पुरस्कार राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली केला. तथापि दोन विभागांचे तास एका वेळापत्रकात बसविल्याने सहकार्य सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रथम समान परिभाषा हवी. या दृष्टीने वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आरंभिलेल्या मराठी विश्वकोशाकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

विश्वकोशाचा परिभाषासंग्रह क्रमाने अठरावा खंड होय. परंतु तो १९७३ साली, म्हणजे पहिल्या खंडाच्या (१९७६) आधी प्रसिद्ध झाला. अनेक शास्त्रांच्या जाणकारांनी एकत्र लिहावयाचे, तर आधी शब्द ठरले पाहिजेत, हे तत्त्व या क्रमातून ध्वनित होते.

महाविद्यालयांत नेमकी याचीच उणीव आहे. प्रथम कोटीची रासायनिक विक्रिया, किरणोत्सर्गी क्षय आणि जीवाणूंची अनिर्बंध वाढ यांचे गणिती रूप एकच: राशी बदलण्याचा दर त्या राशीच्या सम प्रमाणात असतो, भेद केवळ धन-ऋण चिन्हाचा. विद्यार्थी मात्र ही तीन सूत्रे तीन विभागांत वेगवेगळी पाठ करतो, आणि गणिताच्या तासाला तेच अवकल समीकरण कोणत्याही पदार्थाचा संदर्भ नसताना सोडवितो.

विश्वकोशही या दोषापासून सर्वस्वी मुक्त नाही. शालेय पाठ्यपुस्तकांतील ‘बल’ तेथे ‘प्रेरणा’ होते, व ‘त्वरण’ हे ‘प्रवेग’. ‘प्रवेग’ शब्दात वेगाशी असलेले नाते उघड दिसते, हा त्याचा गुण. ‘प्रेरणा’ मात्र व्यवहारात मनोव्यापाराशी निगडित असल्याने भौतिकीत घोटाळा करते. गुणदोष काहीही असोत, न्यूटनचा दुसरा नियम शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यास तो विश्वकोशात अनोळखी वाटतो. तज्ज्ञांचे आपापसांतील सहकार्य सफल झाले. कोशकार व पाठ्यपुस्तककार यांचे झाले नाही.

पदवी पातळीवर विज्ञानाचे अध्यापन प्रायः इंग्रजीत चालते; त्यामुळे ही दरी अधिकच रुंदावते. यास्तव विज्ञान, गणित व भाषा या विभागांनी मिळून एक छोटी संज्ञासूची सिद्ध करावी. तीत प्रत्येक संकल्पनेचे प्रचलित मराठी पर्याय, इंग्रजी संज्ञा, एकक व गणिती रूप शेजारी-शेजारी द्यावे. असे केल्यास तीन विभागांतील एकच समीकरण विद्यार्थ्यास एकच म्हणून ओळखता येईल.