बालहिताचे तत्त्व आणि कालापव्यय : अपत्याच्या ताब्याविषयीच्या न्यायनिर्णयांची चिकित्सा

प्रस्तावना

शेतजमिनीचा ताबा, घराचा ताबा आणि मुलाचा ताबा. आपल्या न्यायालयीन मराठीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द योजला जातो. वस्तुतः मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच बजावले होते. अपत्याचे हित सर्वोपरि, हे तत्त्व तेव्हापासून निवाड्यांतून सातत्याने उच्चारले गेले आहे. प्रस्तुत लेखात काही महत्त्वाच्या निर्णयांच्या आधारे, हे तत्त्व प्रत्यक्ष व्यवहारात कितपत टिकते, याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

तत्त्वाची वाटचाल

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ यातील कलम १३ अज्ञान मुलाच्या कल्याणास सर्वाधिक महत्त्व देते. त्याच अधिनियमाचे कलम ६ मात्र प्रथम पित्यास आणि त्याच्या ‘नंतर’ मातेस नैसर्गिक पालक मानते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः मातेजवळ असावे, एवढीच सवलत तेथे आहे. ही विसंगती १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ‘नंतर’ याचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा नसून त्याच्या अनुपस्थितीत असाही होतो, असे न्यायालयाने म्हटले. कलम रद्द न करता त्याला समतेशी सुसंगत अर्थ देण्यात आला. पुढे २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील खंडपीठाचा आदेश फिरवताना, पाच वर्षांखालील मुलाच्या बाबतीत आपली पात्रता सिद्ध करण्याचा भार मातेवर टाकता येणार नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. तत्त्वाच्या पातळीवर ही वाटचाल निश्चितच स्वागतार्ह आहे.

चिकित्सा

पहिली उणीव ‘हित’ या संकल्पनेच्या आशयात आहे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० यातील कलम १७ मुलाचे वय, लिंग व धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य व क्षमता, नात्याची जवळीक इत्यादी बाबी विचारात घेण्यास सांगते. मुलाला रोज जेवू कोणी घातले, आजारपणात रात्री कोणी जागवल्या, अभ्यास कोणी घेतला, हा प्रश्न त्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. साहजिकच ही पोकळी न्यायाधीशांच्या कुटुंबविषयक धारणांनी भरली जाण्याचा संभव राहतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, ती काळाची. २००८ मधील दोन निवाडे या दृष्टीने शेजारी ठेवून वाचावेत. एकात, वर्षानुवर्षे पित्याजवळ राहिलेल्या मुलाची इच्छा ध्यानात घेऊन ताबा पित्याकडेच ठेवण्यात आला. दुसऱ्यात, मूल अगदी लहानपणापासून पित्याजवळ असूनही ते मातेकडे देण्यात आले. दोन्हींचा आधार मात्र एकच, बालहित! २०१७ च्या एका निवाड्यात, एकाच पालकाच्या सहवासात वाढलेल्या मुलाचे मन दुसऱ्या पालकाविषयी कलुषित होऊ शकते, हे न्यायालयाने मान्य केले. म्हणजे मुलाची इच्छा हीच कित्येकदा विलंबाचे अपत्य असते. अंतरिम आदेशाने निर्माण झालेली स्थिती कालांतराने ‘स्थैर्य’ ठरते आणि अंतिम निर्णय तिच्यावर शिक्कामोर्तब करतो. हा क्रम मोडावा, तर मुलाला पुन्हा उखडावे लागते. दोन्ही मार्गांत किंमत मूलच मोजते.

तिसरी बाब भेटीची. मोजक्या तासांची भेट म्हणजे पालकत्व नव्हे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या जोडीला दृक्‌श्राव्य माध्यमातून नियमित संपर्काचा हक्कही अधोरेखित केला. तत्पूर्वी विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात (२०१५) पित्याचे अग्रस्थान काढून टाकण्याची व संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणण्याची शिफारस केली होती. तथापि संयुक्त पालकत्व हा सरसकट उपाय मानणे धोक्याचे होय. जेथे घरात हिंसा घडली आहे, तेथे ‘दोघांचाही सहभाग’ ही पीडितेवर पाळत ठेवण्याची सोय ठरू शकते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, आपल्याकडे तत्त्वाची वानवा नाही. ते वेळेत अमलात आणणाऱ्या कार्यपद्धतीची आहे. अंतरिम ताब्याचा अर्ज निश्चित मुदतीत निकाली काढणे, त्या आदेशातच दैनंदिन संगोपनाचा पूर्वेतिहास नोंदविणे आणि मुलाचे म्हणणे प्रशिक्षित समुपदेशकामार्फत आरंभीच जाणून घेणे, या तीन गोष्टी अग्रक्रमाने व्हावयास हव्यात. दोन वर्षे चाललेला दावा प्रौढांच्या दृष्टीने लवकर संपलेला दावा असेल. पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी मात्र ती त्याच्या आजवरच्या आयुष्याची जवळजवळ निम्मी वर्षे असतात. बालहिताची मोजणी या कालमानाने होत नाही, तोवर ‘ताबा’ या शब्दाला चिकटलेला मालमत्तेचा अर्थ गळून पडणार नाही.