राखण, पहारा आणि पाळत

परभाषेतील क्रियापदाचा अर्थ कोशात सापडतो. परंतु ते क्रियापद कोणाच्या हितासाठी वापरले आहे, हे कोश सांगत नाही. स्पॅनिशमधील ‘ग्वार्दार’, ‘कुस्तोदियार’ आणि ‘विखिलार’ ही क्रियापदे या दृष्टीने विचारार्ह आहेत. तिन्हींस ‘पहारा ठेवणे’ हा एकच प्रतिशब्द देऊन मोकळे होण्याचा मोह अनुवादकास पडतो. तो मोह घातक आहे, असे आम्हांस वाटते.

‘ग्वार्दार’मध्ये जपण्याचा भाव मुख्य आहे. स्पॅनिश भाषिक गुपित, मौन आणि अडीअडचणीसाठीचा पैसा या साऱ्यांस हेच क्रियापद लावतो. मराठीतही आपण गुपित राखतो, मौन राखतो, पैसा राखून ठेवतो. तेव्हा येथे ‘राखणे’ हाच खरा प्रतिशब्द होय. ‘कुस्तोदियार’ हे खजिना, कैदी अशा सोपविलेल्या गोष्टींविषयी योजतात. तेथे ‘पहारा’ शोभतो.

खरी अडचण ‘विखिलार’ची. त्याचे मूळ जागे राहण्याच्या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. रोमन सैन्यात रात्रीच्या पहाऱ्याचे चार भाग असत. आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चार, आणि ‘प्रहरा’वरूनच ‘पहारा’ आला. हे साम्य मनोरम असले तरी त्यावर विसंबून चालणार नाही. कारण ‘विखिलार’ खेळणाऱ्या मुलांविषयीही योजतात आणि संशयिताविषयीही. मराठीत मुलांकडे आपण लक्ष ठेवतो. पाळत ठेवतो ती संशयितावर.

मुरगावचेच उदाहरण घेऊ. जुवारीच्या मुखाशी येथील किल्ला पोर्तुगीजांनी 1624 साली बांधावयास घेतला. किल्ला बंदर राखतो, बुरुजावरून टेहळणी होते, दरवाजावर शिपाई पहारा देतो, पाण्यात होडी गस्त घालते. ही चार कामे मराठीने चार शब्दांनी वेगळी केली आहेत. आता ‘सैनिक बंदरावर विखिलार करतात’ असे वाक्य पुढे आले, तर शत्रूचे गलबत येऊ नये म्हणून करतात, की बंदरातील माणसांचाच संशय आहे म्हणून करतात? स्पॅनिश वाक्य याविषयी मुग्ध राहू शकते. मराठी अनुवादकास मात्र बहुधा निवड करावी लागते.

गोव्यास हा भेद पुस्तकातून शिकावयास नको. ‘ग्वार्दार’ आणि ‘विखिलार’ यांची भावंडे ‘गुआर्दार’ व ‘विजिआर’ ज्या भाषेत आहेत, ती पोर्तुगीज भाषा 1961 पर्यंत येथील राज्यकारभाराची भाषा होती. राज्यकर्ता ज्यास प्रदेशाचे रक्षण म्हणे, तीच गोष्ट स्वातंत्र्य मागणाऱ्यास पाळत वाटे. त्या काळातील कागदपत्रांचा अनुवाद करताना सर्वत्र ‘संरक्षण’ लिहिणे म्हणजे राज्यकर्त्याची बाजू नकळत उचलणे होय. उलट सर्वत्र ‘पाळत’ लिहिणे म्हणजे मूळ लेखकाच्या तोंडी आपला शब्द घालणे. जेथे कागदच मुग्ध आहे, तेथे ‘नजर ठेवणे’ हा मोघम शब्द योजावा. संदर्भ स्पष्ट असेल तेथे मात्र मोघमपणाचा आडोसा घेऊ नये.

म्हणून अध्यापकांस आमची सूचना एवढीच, की अशा क्रियापदापाशी विद्यार्थ्यास थांबवून दोन प्रश्न विचारावेत: राखावयाचे कोणास, आणि कोणापासून? उत्तर मूळ उताऱ्यातून काढावयास लावावे. मगच कोश उघडू द्यावा.