चंग शिनचा अपराध

लिऊ त्सीशिन यांच्या विज्ञानकादंबरी-त्रयीचा अखेरचा खंड ‘डेथ्स एंड’ (मूळ चिनी २०१०, इंग्रजी अनुवाद २०१६) वाचणाऱ्या अनेकांचा रोष चंग शिन या नायिकेवर आहे. तिच्या करुणेने मानवजातीचा दोनदा घात झाला, हा त्यांचा आक्षेप. घटनाक्रम पाहता तो खोटा नाही. परंतु परग्रहवासीयांना धाकात ठेवणारी कळ लुओ जीकडून तिच्या हाती आली, ती लोकेच्छेने. अर्धशतकभर ज्याच्या दराऱ्यामुळे तगले, त्याच्याच दराऱ्याला कंटाळलेल्या समाजाला मायेची स्त्री हवी होती. शत्रूने हे हेरले आणि सूत्रांतर होताच काही मिनिटांत हल्ला चढवला. वाचक मात्र निवडणाऱ्यांना सोडून निवडलेलीलाच दोषी ठरवतात, आणि निर्दय वेडला दाद देतात. अर्थात, सुखवस्तू युगाचे दौर्बल्य पुरुषांच्या ‘बायकी’ रूपातून रंगविणाऱ्या लेखकानेच या रोषाला वाट करून दिली आहे.