पॅनोरामातून काढलेला फोटो मोजायला घेताय? आधी हे वाचा

गाइडच्या कपाटातली जुनी सीडी कधी ना कधी तुमच्याही हाती येईल. माझ्या हाती आली तीत पांढरकवडा भागातल्या सागाच्या जंगलाचे पॅनोरामा होते. माउस धरून गोल फिरवायचे, आत जायचे, वर बघायचे, अशा त्या फाइली. माझ्याकडे त्याच जागांचे यंदा एप्रिलमध्ये 360 अंशांच्या कॅमेऱ्यानं घेतलेले व्हिडिओ होते. म्हटलं, दोन्हींतून स्थिर फोटो काढू, आकाशाचे पिक्सेल मोजू आणि झाडांचं छत, म्हणजे कॅनपी, किती विरळ झाली ते सांगू. आकडा आला, आणि बराच मोठा आला. सेमिनारच्या स्लाइडवर तो टाकूनही झाला होता. दोन दिवस आधी लक्षात आलं की त्यातला मोठा भाग जंगलाचा नव्हता, फोटो काढण्याच्या पद्धतीचा होता.

ही पद्धत सर्रास वापरली जाते, म्हणून तिच्यातल्या चुका एकेक करून बघू.

पहिली चूक स्क्रीनशॉटची. प्लेअरमध्ये पॅनोरामा उघडायचा, हवा तिथं थांबवायचा, स्क्रीनशॉट घ्यायचा. दिसायला छान, मोजायला निरुपयोगी. प्लेअर त्या क्षणी किती अंशांचा भाग दाखवतोय, झूम किती आहे, नजर नेमकी कुठं आहे, यातलं काहीच नोंदलं जात नाही. शिवाय रेझोल्यूशन मिळतं तुमच्या स्क्रीनचं, फाइलीचं नाही.

दुसरी चूक फाइलीला साधा व्हिडिओ समजण्याची. क्विकटाइम व्हीआर हे तंत्र अॅपलनं 1995 मध्ये आणलं. त्यातल्या दंडगोल पॅनोरामात चित्र सहसा 90 अंश फिरवून, त्याचे तुकडे करून, ते तुकडे फ्रेम म्हणून ठेवलेले असतात. म्हणजे पहिली आणि दुसरी फ्रेम हे दोन क्षण नसतात, जागेचे शेजारशेजारचे दोन तुकडे असतात. नेहमीच्या सॉफ्टवेअरनं फ्रेमा काढल्या की आडव्या पडलेल्या पट्ट्या मिळतात आणि आपण फाइल बिघडली म्हणून सोडून देतो. ती बिघडलेली नसते. तुकडे सरळ करून क्रमानं जोडले की पूर्ण चित्र परत मिळतं. 2001 मध्ये क्विकटाइम 5 आलं तेव्हा घनाकृती पॅनोरामा आले. त्यात चार दिशा, वर आणि खाली असे सहा चौरस असतात. नंतरच्या क्विकटाइम एक्समध्ये हा प्रकार चालेनासा झाला, म्हणून आज डबल क्लिक करून या फाइली उघडत नाहीत.

तिसरी चूक माझी, आणि तीच सगळ्यात महागात पडणारी. आजचा 360 व्हिडिओ बहुतेक वेळा दोनास एक अशा आयतात साठवलेला असतो, पृथ्वीच्या सपाट नकाशासारखा. त्या नकाशात ध्रुव कसा ताणला जातो ते आठवा. इथं ध्रुव म्हणजे आपल्या डोक्याच्या अगदी वरचा बिंदू. 4096 गुणिले 2048 च्या फ्रेममध्ये सगळ्यात वरच्या ओळीतले 4096 पिक्सेल जवळजवळ त्या एकाच बिंदूचे असतात.

हिशेब करून बघा. क्षितिजापासून 60 अंशांच्या वरचं आकाश म्हणजे डोक्यावरची एक टोपी. वरच्या अर्धगोलात तिचा खरा वाटा 1 वजा साइन 60, म्हणजे साधारण 13 टक्के. पण फोटोच्या वरच्या अर्ध्या भागात ती 90 पैकी 30 अंशांच्या ओळी व्यापते, म्हणजे 33 टक्के पिक्सेल. समजा, डोक्यावर तेवढाच गोल मोकळा आहे आणि बाकी सगळीकडे दाट पानं आहेत. नुसते पिक्सेल मोजले तर आकाश अडीच पट दिसेल. उलट माझ्या सीडीतले पॅनोरामा दंडगोल होते. त्यांत डोक्यावरचा भाग नव्हताच. एका बाजूला टोपी फुगवलेली, दुसऱ्या बाजूला टोपीच गायब. झाड एकही तुटलं नसतं, तरी कॅनपी विरळ झाली असंच उत्तर आलं असतं.

मग करायचं काय?

मूळ फाइलीला हात लावू नका, प्रतीवर काम करा. फाइल दंडगोल, घन की आयत, हे आधी ओळखा. आयतातल्या प्रत्येक ओळीला तिच्या कोनाच्या कोसाइननं गुणून वजन द्या. 60 अंशांवरचा पिक्सेल क्षितिजावरच्या पिक्सेलच्या निम्माच मोजायचा. हे वजन दंडगोलाला चालत नाही. त्यातला फोटो हगिनसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी आयतात बदलून घ्या. तुलना दोन्ही फाइलींमध्ये खरोखर असलेल्या पट्ट्यापुरतीच करा, उदाहरणार्थ क्षितिजापासून 40 अंशांपर्यंत. आकार उगाच वाढवू नका: 1024 पिक्सेलच्या घनाच्या बाजूपासून साधारण 3200 पिक्सेल रुंद फोटो प्रामाणिक असतो, 8000 चा केला तर नवीन एकही पान दिसत नाही. आणि प्रबंधात फोटोखाली फाइलीचा प्रकार, प्रोजेक्शन आणि किती अंशांचा भाग आहे, हे लिहा.

हे सगळं करूनही माझी तुलना उभी राहिली नाही. सीडीवर महिना लिहिलेला नव्हता. आपल्याकडचा साग उन्हाळ्यात पानं गाळून उभा असतो आणि पावसाळ्यात त्याच झाडाखाली ऊन पोचत नाही. महिना माहीत नसताना एप्रिलच्या व्हिडिओशी तुलना करून मी जंगलाबद्दल काय सांगणार होते?

स्लाइड काढून टाकली. सेमिनारमध्ये यंदाचेच आकडे दाखवले, वजन देऊन आणि न देता, शेजारीशेजारी. प्रश्न त्यावरच सगळ्यात जास्त आले. आणि आता माझ्या प्रत्येक फाइलीच्या नावात तारीख असते.