‘भरधाव, हयगयीने व निष्काळजीपणे’ : विचलित वाहनचालनाविषयीच्या कायद्याची व त्याच्या भाषेची चिकित्सा

बीजसंज्ञा : विचलित वाहनचालन, मोटार वाहन अधिनियम, कलम १८४, ई-चलन, अपघातनोंद, गडचिरोली जिल्हा.

प्रस्तावना

दि. ७ ऑगस्ट २०२५ रोजी पहाटे आरमोरी-गडचिरोली राष्ट्रीय महामार्गावरील काटली या गावाजवळ रस्त्याच्या कडेला असलेल्या सहा मुलांना एका भरधाव ट्रकने चिरडले. मुले शाळकरी वयाची होती, पहाटेच्या व्यायामासाठी घराबाहेर पडली होती. त्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. ट्रक न थांबता निघून गेला. संतप्त ग्रामस्थांनी महामार्ग रोखून धरला, शासनाने मदत जाहीर केली आणि वृत्तपत्रांतून काही दिवस हळहळ व्यक्त झाली.

त्या चालकाच्या हातात मोबाइल होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. हेतू वेगळा आहे. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर वाहनाचा चालक नेमका काय करीत होता, तो झोपेत होता, फोनवर बोलत होता, पडद्याकडे पाहत होता की केवळ बेफिकीर होता, हा प्रश्न विचारण्याची सोय आपल्या कायद्याच्या व्यवहारात कितपत आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. कायदा हा जसा दंडाचा तक्ता असतो तसा तो एक पाठही असतो. कोणत्या शब्दांत तो अपराध ओळखतो आणि कोणत्या शब्दांमुळे अपराध त्याच्या नजरेतून सुटतो, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे, अशी प्रस्तुत लेखकाची भूमिका आहे.

कलम १८४ चा पाठ

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये मोबाइलचा उल्लेख नव्हता, कारण तेव्हा देशात मोबाइलच नव्हता. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम २१ मध्ये, अनुज्ञप्ती निलंबनास कारण ठरणाऱ्या कृत्यांच्या यादीत, वाहन चालविताना मोबाइल वापरण्याचा समावेश झाला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना निर्देश दिले की, अशा चालकाची अनुज्ञप्ती किमान तीन महिने निलंबित करावी. २०१७ च्या वाहनचालनविषयक विनियमांनी हाती धरावयाच्या संपर्कसाधनास मनाई केली. अखेरीस २०१९ च्या सुधारणेने, जी १ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आली, कलम १८४ मधील ‘धोकादायक वाहनचालन’ या संज्ञेच्या स्पष्टीकरणात लाल दिवा ओलांडणे, उलट दिशेने वाहन हाकणे इत्यादींसोबत ‘हाती धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर’ हे कृत्य नावानिशी घातले. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्षापर्यंत कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

शिक्षा कठोर आहे, परंतु सर्व कठोरपणा ‘हाती धरलेल्या’ या विशेषणाच्या दाराशी उभा आहे. आमच्या भागात दुचाकीवरून जाणारी व्यक्ती फोन हातात क्वचितच धरते. डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्यात किंवा शिरस्त्राणाच्या कडेत तो खोचलेला असतो, नाहीतर मान वाकडी करून खांद्यावर दाबलेला असतो. दोन्ही हात मुठींवर, नजर समोर, आणि मन वडशाच्या बाजारात ठरत असलेल्या धानाच्या भावात. या माणसाने कलम १८४ मधील त्या शब्दांचा भंग केला काय? वकील वाद घालू शकतील, परंतु वाद घालता येतो हीच या पाठाची उणीव आहे.

विधिमंडळाचे गृहीतक असे दिसते की, धोका हाताच्या गुंतण्यात आहे. विज्ञानाचा कौल तसा नाही. रेडेलमायर व तिब्शिरानी यांनी १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार फोनवरील संभाषणाच्या काळात अपघाताचा संभव सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणांमुळे तो कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. गुंतते ते अवधान. डोळे रस्त्यावर असूनही रस्ता दिसत नाही, हा अनुभव वर्गात पुस्तक उघडे ठेवून बसलेल्या विद्यार्थ्याकडे पाहणाऱ्या कोणाही शिक्षकास नवा नाही.

त्यातच ऑक्टोबर २०२० पासून नियमांत आणखी एक सवलत आली. चालकाच्या एकाग्रतेत बाधा येणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग शोधण्यासाठी, हातातील साधन वापरता येते. व्यवहाराची गरज म्हणून ही सवलत समजण्याजोगी आहे. परंतु पडद्यावर नकाशा होता की चित्रफीत, हे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शिपायाने कसे ठरवावे? आणि ‘एकाग्रतेत बाधा’ मोजण्याचे माप कोणते?

शब्दांच्या अशा फटीतून अपराधी निसटण्याची उदाहरणे अन्यत्रही आहेत. इंग्लंडमध्ये वाहन चालविताना अपघातस्थळाचे चित्रीकरण करणाऱ्या बॅरेटो नामक चालकाचे प्रकरण २०१९ साली उच्च न्यायालयात गेले. तेथील कायद्यात बंदी होती ती परस्परसंवादासाठी फोन वापरण्यास. चित्रीकरण हा संवाद नव्हे म्हणून तो सुटला. इंग्लंडने मार्च २०२२ मध्ये कायद्याची भाषाच बदलली. आपल्याकडे २०१८ साली केरळ उच्च न्यायालयाने त्या राज्याच्या पोलीस अधिनियमासंदर्भात असा निर्वाळा दिला की, फोनवर बोलत वाहन चालविणे एवढ्यानेच सार्वजनिक सुरक्षिततेस धोका झाला असे म्हणता येत नाही. न्यायालयाने शब्दांचा अर्थ लावला. शब्दच अपुरे होते, यात न्यायालयाचा दोष नव्हता.

नोंदीची भाषा

अपघाताची मराठी प्राथमिक माहिती वाचलेल्यांना तिचे ठरलेले वाक्य पाठ असते. आरोपीने ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून’ अमुक यास धडक दिली. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम २७९ व ३०४-अ यांच्या सावलीत हे वाक्य वाढले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलम २८१ व १०६ आले, पण साचा तोच आहे. बैल आडवा आला तरी तेच, चालकास डुलकी लागली तरी तेच, फोन वाजला तरी तेच. वृत्तपत्रांचा साचा वेगळा, ‘चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने’. तेथे तर कर्ताच नाहीसा होतो आणि नियंत्रण स्वतःहून सुटते. दोन्ही वाक्ये कारण सांगतात असे वाटते आणि दोन्ही ते सांगत नाहीत.

या साच्याचा परिणाम आकडेवारीवर होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात रस्ते अपघातांत १,५३,९७२ व्यक्ती मृत्यू पावल्या. मोबाइलच्या वापरामुळे झालेले मृत्यू त्यांत १,०४०, म्हणजे शंभरात एकही नाही. अतिवेगाच्या खात्यात मात्र सुमारे ७० टक्के. रस्त्यावर जे दिसते त्याच्याशी हा आकडा जुळत नाही. वेग हे खरे व मोठे कारण आहेच, ते नाकारण्याचे प्रयोजन नाही. परंतु प्रत्येक नोंदीच्या आरंभी ‘भरधाव’ हा शब्द लिहिण्याची प्रथा असेल, तर बेरजेत वेगच दिसणार. चालक फोनवर होता काय, हे दूरध्वनी कंपनीच्या नोंदींवरून काही अंशी कळू शकते. खुनाच्या तपासात त्या नोंदी सर्रास मागविल्या जातात, अपघाताच्या तपासात क्वचितच. २०२१ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत एकात्मिक अपघात माहिती संचाचे काम सुरू झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण संगणकाच्या रकान्यात भरावयाची माहिती शेवटी त्याच पंचनाम्यातून येते.

अंमलबजावणी : रस्ता आणि यंत्र

सुधारित अधिनियमाच्या कलम २०६ नुसार कलम १८४ खालील अपराध केल्याचे दिसल्यास पोलीस अधिकाऱ्याने अनुज्ञप्ती ताब्यात घेऊन ती निलंबनाच्या कार्यवाहीसाठी परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवावयाची आहे. यासाठी वाहन थांबवावे लागते. ई-चलनाच्या पद्धतीत वाहन थांबवावे लागत नाही. छायाचित्र निघते, संदेश जातो, दंड वाहनाच्या मालकाच्या नावे चढतो आणि पुढे लोक अदालतीत तडजोडीची वाट पाहतो. मालक गडचिरोलीत, चालक तिसराच, आणि निलंबनाची तरतूद कागदावर. डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्राने सुधारित तडजोड शुल्क लागू केले, तेव्हा मोबाइल वापराचे शुल्क वाहनाच्या प्रकारानुसार चढते ठेवले. शुल्क भरले की प्रकरण मिटले, अशी समजूत त्यामुळे अधिकच दृढ झाली. यातील एक विसंगती तर विनोदी म्हणावी अशी आहे. मोबाइलविषयक अपराधाचा पुरावा गोळा करण्यासाठी पोलीसच स्वतःचा खाजगी मोबाइल वापरीत, आणि तसे करू नये असे निर्देश राज्याच्या वाहतूक पोलीस विभागास २०२५ साली द्यावे लागले.

कॅमेऱ्यांचा प्रश्न भूगोलाचाही आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ मध्ये इलेक्ट्रॉनिक देखरेखीसाठी १३२ शहरांची यादी दिली आहे. तीत चंद्रपूर आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एकही गाव नाही. अतिजोखमीच्या राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर यंत्रे बसविण्याची तरतूद त्याच नियमात आहे, हे खरे. आरमोरीस दोन राष्ट्रीय महामार्ग मिळतात : साकोली-वडसा-गडचिरोलीमार्गे सिरोंच्याकडे जाणारा एक, आणि नागपूर-उमरेड-नागभीड-ब्रह्मपुरीकडून वैनगंगा ओलांडून येणारा दुसरा. मालवाहू ट्रक, धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या, काळी-पिवळी, एस.टी., सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुली, सगळे एकाच डांबरावर. मधल्या जंगलात फोनची रेंज जाते आणि गाव जवळ येताच परत येते. साठलेले संदेश नेमके तेथे वाजू लागतात जेथे रस्त्यावर माणसे असतात. शहराचा नमुना समोर ठेवून केलेल्या नियमात या परिस्थितीचा विचार नसावा, यात नवल नाही. ‘नाकाबंदी’ या शब्दालाही या जिल्ह्यात वेगळाच इतिहास आहे. चार दशके येथील पोलिसाला वाहन अडवून शस्त्र शोधण्याचे शिक्षण मिळाले. चालकाचे अवधान तपासण्याचे शिक्षण त्याला कोणी दिले नाही, आणि त्याबद्दल त्यास दोष देणे अन्यायाचे होईल.

विचलन म्हणजे केवळ मोबाइल नव्हे, हेही येथे नोंदविले पाहिजे. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. रात्रभर नाटक पाहून पहाटे दुचाकीवर तिघे बसून परतणारे प्रेक्षक आणि दुसऱ्या गावच्या प्रयोगासाठी निघालेल्या मंडळींची वाहने एकाच वेळी रस्त्यावर असतात. जागरण हे या प्रदेशाचे सर्वांत जुने विचलन आहे. त्यासाठी कलम १८४ मध्ये नाव नाही, पण जागा आहे. त्याच स्पष्टीकरणाच्या शेवटी असे उपवाक्य आहे की, सक्षम व दक्ष चालकाकडून अपेक्षित असलेल्या पातळीच्या कितीतरी खाली जाणारे आणि उघडपणे धोक्याचे असे कोणतेही चालन हा अपराधच होय. दुपट्ट्यातला फोन, मांडीवरचा पडदा, जड झालेल्या पापण्या, रस्त्यात दिसलेल्या वाघाचे एका हाताने चाललेले चित्रीकरण, या सर्वांना ते कवेत घेऊ शकते. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण सुधारणेतील हे सर्वांत समर्थ वाक्य आहे. छायाचित्राने ते सिद्ध होत नाही, त्यासाठी वाहन थांबवून माणसाशी बोलावे लागते, म्हणूनच ते मागे पडत असावे.

प्रबोधनाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २०२१ पासून सप्ताहाचा महिना झाला. दर जानेवारीत महाविद्यालयांतून शपथा होतात, ‘नजर हटी, दुर्घटना घटी’ हे हिंदी घोषवाक्य फलकावर येते. त्यातही दोष नजरेचाच मानला आहे.

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या पातळीवर, कायद्यात काहीही न बदलता, एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. प्राणांतिक अपघाताच्या पंचनाम्यासोबत एक स्वतंत्र पान जोडावे : चालक किती तासांपासून वाहन चालवीत होता, त्यापूर्वी तो केव्हा झोपला होता, फोन कोठे ठेवलेला सापडला, तो चालू होता काय, कानात काही होते काय, अपघाताच्या वेळेच्या आसपासच्या दूरध्वनी नोंदी मागविल्या काय. उत्तर मिळाले नाही तर ‘माहीत नाही’ असे लिहावे, ‘भरधाव’ असे लिहू नये. आरमोरी, गडचिरोली व देसाईगंज या तीन ठाण्यांपासून आरंभ केला तरी वर्षअखेरीस या महामार्गाविषयी आज उपलब्ध नसलेली माहिती हाती येईल, आणि तिची छाननी करण्यास येथील महाविद्यालयांतील अभ्यासक पुरेसे आहेत.