यमुनेची रमा, कृष्णेची पार्वती : मराठी स्त्री-आत्मचरित्रांतील नामांतराचा विचार

प्रास्ताविक

मराठी भाषेने 'नाव' या शब्दाभोवती गोळा केलेले वाक्प्रचार पाहिले तर नामकरण ही केवळ ओळखीची सोय नाही, हे सहज लक्षात येते. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे. त्याचेच अनेकवचन केले की 'नावे ठेवणे', म्हणजे दोष काढणे. 'नाव काढणे' म्हणजे कुळाची कीर्ती वाढवणे. 'नाव लावणे' हा शब्द विवाहितेच्या बाबतीत पतीच्या नावाशी जोडलेला असतो, तर 'नाव घेणे' हा वाक्प्रचार उखाण्यापुरता राखून ठेवलेला आहे. एरवी जे उच्चारायचे नाही ते पतीचे नाव पद्यात गुंफून उच्चारण्याची सवलत म्हणजे उखाणा. ज्या पुरुषाचे नाव तिने घ्यावयाचे नाही त्याच पुरुषाच्या घरी तिचे स्वतःचे नाव बदलले जाते, ही विसंगती मात्र मराठी समीक्षेने फारशी गंभीरपणे घेतलेली नाही.

स्त्रीनामांचा विचार आपल्याकडे बहुतांशी व्युत्पत्तीच्या अंगाने झाला. यमुना म्हणजे नदी, रमा म्हणजे लक्ष्मी, आनंदी म्हणजे सुखी, अशा याद्या नामकोशांतून विपुल आढळतात. त्या चुकीच्या नाहीत. पण अपुऱ्या आहेत. एकच स्त्री आधी यमुना होती आणि मग रमा झाली, हे कोश सांगत नाही. ते आत्मचरित्र आणि चरित्र सांगते. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या काही स्त्रियांच्या दोन नावांकडे, आणि त्या नावांकडे पाहणाऱ्या आपल्या वाचनपद्धतीकडे, लक्ष वेधले आहे.

तीर्थापासून देवीपर्यंत

महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या कुर्लेकर; जन्मनाव यमुना. डॉ. आनंदीबाई जोशी यांचेही जन्मनाव यमुना. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका गोखले. देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. त्यांची धाकटी बहीण कृष्णा विवाहानंतर पार्वतीबाई आठवले झाली. दापोली तालुक्यातील लाडघरच्या बाळ घराण्यातील तापी लोकमान्य टिळकांच्या घरी सत्यभामा झाली.

ही नावे शेजारी-शेजारी मांडली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. यमुना, यमुना, गोदावरी, कृष्णा, तापी ही सर्व माहेरची नावे नद्यांची आहेत. मनकर्णिका हे काशीच्या तीर्थाचे नाव आहे. म्हणजे सहाही नावे पाण्याची. कृष्णा हे द्रौपदीचेही नाव आहे हे खरे; परंतु थोरली बहीण गोदा असताना धाकटीची कृष्णा ही नदीच असण्याचा संभव अधिक. सासरची नावे पाहिली तर रमा, लक्ष्मी, पार्वती, सत्यभामा. चौघीही कोणा देवाच्या अर्धांगिनी आहेत आणि तो देव कोण हे पतीचे नाव सांगते. नारायण वामन टिळकांची पत्नी लक्ष्मी. महादेव आठवले यांची पत्नी पार्वती. लोकमान्यांचे मूळ नाव केशव, म्हणून सत्यभामा. रानडे लोकांत माधवराव म्हणून ओळखले जात; माधवाची रमा होणे त्या तर्काला धरूनच आहे. गोपाळरावांची आनंदी आणि धोंडोपंतांची आनंदी या जोड्या मात्र या सूत्रात बसत नाहीत, आणि ओढूनताणून बसवूही नयेत. पती-पत्नीच्या नावांची जुळणी हा नियम नव्हता, तो एक बलवान कल होता.

याचा अर्थ असा, की 'लक्ष्मी' या नावाचा कोशातील अर्थ संपत्तीची देवता असा असला तरी टिळकांच्या घरात त्याचा अर्थ 'नारायणाची' असा होता. षष्ठी विभक्ती नावात दिसत नाही, पण ती तेथे आहे.

मनुस्मृतीत स्त्रीनामाबद्दल दोन ठिकाणी विधान आहे. दुसऱ्या अध्यायात (२.३३) स्त्रीचे नाव उच्चारण्यास सुखद, अर्थाने स्पष्ट, मंगल व दीर्घ स्वरान्त असावे असे म्हटले आहे; तिसऱ्या अध्यायात (३.९) मात्र नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत इत्यादींची नावे असलेली कन्या विवाहास वर्ज्य सांगितली आहे. हे दुसरे वचन वाचताच नामांतराचे मूळ सापडले असे वाटण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा. ज्या घरांत शास्त्राचा अभ्यास होता त्याच घरांनी मुलींना बिनदिक्कत नद्यांची नावे दिली, आणि सासरी मिळणाऱ्या नावांतही गंगा व सरस्वती सर्रास येतात. वचन आणि व्यवहार यांच्यात अंतर होते. नामांतराचे कारण वधूच्या जुन्या नावातील दोषात शोधण्यापेक्षा नव्या घराच्या हक्कात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

कोकणापुरते एक निरीक्षण येथे नोंदवण्यासारखे आहे. गोदा, कृष्णा, तापी, यमुना यांपैकी एकही नदी रत्नागिरी जिल्ह्यातून वाहत नाही. येथील नद्या वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी. यांची नावे मुलींना दिलेली सहसा आढळत नाहीत. 'सावित्री' हे नाव मुबलक आहे, पण ते महाबळेश्वरी उगम पावून बाणकोटला समुद्रास मिळणाऱ्या नदीपेक्षा पुराणातील पतिव्रतेकडून आलेले आहे. तीच गत ग्रामदेवतांची. गावोगाव सुकाई, काळकाई, वाघजाई यांची ठाणी आहेत. पाळण्यात मात्र ही नावे जात नाहीत. जवळचे पवित्र पूजेसाठी आणि दूरचे पवित्र नावासाठी, अशी ही वाटणी दिसते. मुलीला यमुना म्हणून हाक मारणे हा, ज्या बापाला उत्तरेची यात्रा घडण्याची शाश्वती नव्हती त्याच्यासाठी, घरबसल्या तीर्थ घडवण्याचा मार्ग असावा. अलोरे परिसरातील वाचकाला याच्या उलट दिशेचे एक उदाहरण रोज दिसते. सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांमधून पश्चिमेकडे वळवलेले कोयनेचे पाणी पोफळी, अलोरे, कोळकेवाडीच्या टापूत वीज निर्माण करून वाशिष्ठीला मिळते. तेथून पुढे त्याला कोणी कोयना म्हणत नाही.

नाव न घेण्याचे तीन मार्ग

आता या स्त्रियांच्या लेखनाकडे वळता येईल. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली, न्यायमूर्तींच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, प्रसिद्ध झाले. शीर्षकातच 'माझ्या' नसून 'आमच्या' आहे. पुस्तकभर पतीचा उल्लेख 'स्वतः' या शब्दाने येतो. कॅथरिन गेट्स यांनी १९३८ साली केलेल्या इंग्रजी अनुवादाचे नावच त्यावरून 'हिमसेल्फ' असे ठेवले गेले. व्याकरणदृष्ट्या 'स्वतः' हे आत्मवाचक सर्वनाम आहे. बोलणाऱ्याने ते स्वतःसाठी वापरावे अशी अपेक्षा असते. आत्मचरित्र लिहिणाऱ्या स्त्रीने ते पतीसाठी वापरले, यावर मराठी समीक्षेने थांबावयास हवे होते. ही केवळ रूढी होती, असे म्हणून भागत नाही. रूढीने नावाचा उच्चार नाकारला होता. पर्यायी शब्द कोणता घ्यावा हे लेखिकेच्या हाती होते, आणि तिने निवडलेल्या शब्दाने 'स्वतः'ची जागा दुसऱ्याला दिली.

लक्ष्मीबाईंनी हीच अडचण वेगळ्या प्रकारे सोडवली. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. तीत पतीचा उल्लेख सरळ 'टिळक' असा आहे. आडनाव घेतले म्हणजे नाव घेतले असे होत नाही, ही पळवाट खरी. पण तिचा वाङ्मयीन परिणाम मोठा आहे. 'टिळक' म्हटल्याबरोबर पती हा एक पात्र होतो. त्याच्याकडे हसून पाहता येते, त्याचा विसरभोळेपणा व रागलोभ सांगता येतात. 'स्वतः'शी भांडता येत नाही, 'टिळकां'शी येते. 'स्मृतिचित्रे'तील विनोदाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या विनोदाचा पाया या साध्या संबोधनात आहे, याकडे मात्र दुर्लक्ष झाले. याच दांपत्याच्या चरित्रातील आणखी एक बाब महत्त्वाची आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे लक्ष्मीबाईंनीही तो स्वीकारला. तरी दोघांची नावे तीच राहिली. धर्मांतराने जे झाले नाही ते लग्नाने झाले होते.

तिसरा मार्ग विधवांचा. पार्वतीबाई आठवले यांचे 'माझी कहाणी' (१९२८) आणि आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४) या दोन्ही शीर्षकांत 'माझे' आहे, हे रमाबाईंच्या 'आमच्या'शी ताडून पाहावे. पार्वतीबाईंच्या बाबतीत ज्याच्या नावाशी जुळवून 'पार्वती' झाली तो महादेव लवकर गेला. सौभाग्याची चिन्हे काढून घेतली गेली, केस गेले. नाव तेवढे राहिले. वैधव्याने सर्व काही हिरावणारी रूढी विवाहाने दिलेले नाव मात्र परत मागत नाही, कारण ते नाव घराचे असते. पुढे हिंगण्याच्या संस्थेसाठी देशभर आणि अमेरिकेतही निधी जमवत त्या फिरल्या त्या याच नावाने. आनंदीबाई कर्वे यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. विधवेचा पुनर्विवाह ही त्या काळातील मोठी बंडखोरी. त्या विवाहाने कर्व्यांवर बहिष्कार ओढवला. तरीही या विवाहात वधूचे नाव बदलण्याची प्रथा अबाधित राहिली. सुधारणेने विधीचा बराच भाग तपासला, हा भाग तपासला नाही. घरात आणि संस्थेत त्या 'बाया' म्हणून ओळखल्या गेल्या, म्हणजे गोदूही नाही आणि आनंदीही नाही.

या स्त्रियांना आज त्यांची जन्मनावे 'परत' द्यावीत, असा सूर अलीकडे ऐकू येतो. तो उदार वाटला तरी समीक्षेच्या कामाचा नाही. पार्वतीबाईंनी ज्या नावाने सार्वजनिक आयुष्य घडवले ते काढून त्यांना कृष्णा म्हणणे हे त्यांना न विचारता केलेले आणखी एक नामांतर होईल. अपेक्षा याहून साधी आहे. पाठ्यपुस्तकांतील परिचयांत 'लक्ष्मीबाईंचे बालपण' असा मथळा येतो. त्या बालपणात लक्ष्मीबाई कोणी नव्हती. तेथे मनकर्णिका लिहावे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीच्या शीर्षकातील जोडनाव इतके रुळले, की कथेच्या आरंभी यमुना होती हे वाचकाच्या ध्यानातून निसटते. पोकिप्सी येथील दफनभूमीत दगडावर कोरले गेले तेही आनंदीबाई हेच नाव.

स्वतः घेतलेले नाव, लादलेले नाव

वरील सर्व उदाहरणे ब्राह्मण कुटुंबांतील आहेत आणि हे या विवेचनाचे मर्यादाक्षेत्र आहे. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) मधील नायिका नाजा आहे. मुखपृष्ठावरील शांताबाई आणि आतील नाजा यांच्यातील अंतर वाचकाला स्वतः पार करावे लागते. १९४८ साली डॉ. शारदा कबीर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी विवाहबद्ध झाल्या आणि सविता झाल्या. खासगीत मात्र बाबासाहेब त्यांना 'शारू' म्हणत. १९५६ नंतर सुजाता, गौतमी, यशोधरा, आम्रपाली ही नावे घराघरांत आली, ती एका समाजाने सामूहिकरीत्या निवडलेली म्हणून वेगळ्या अभ्यासाचा विषय ठरतात.

एकट्या स्त्रीने स्वतःसाठी नाव निवडल्याचे ठळक उदाहरण बाळूताई खरे यांचे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला आणि ही बाई कोण, यावर साहित्यविश्व ढवळून निघाले. पुढे विश्राम बेडेकरांशी विवाह होऊन त्या मालती बेडेकर झाल्या. तीन नावांपैकी एक आईवडिलांचे, एक विवाहाशी जोडलेले आणि एक तिचे. आणि जे तिचे होते तेच टोपण ठरले. विभावरी म्हणजे रात्र. मनूच्या मंगल नामाच्या अपेक्षेत न बसणारा हा शब्द तिने घेतला.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला 'नकुशी' आहे. कुंभार्ली घाट चढून गेले की सातारा जिल्हा लागतो. तेथे २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने २८५ मुलींची 'नकुशी', 'नकोसा' ही नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. या नावांची गणना 'धोंडू', 'दगडू' या दृष्ट टाळणाऱ्या नावांबरोबर केली जाते, ती चूक आहे. मुलगा जगावा म्हणून त्याला दगड म्हटले जाते. नकुशी म्हणण्यात ती मुलगी जगावी अशी इच्छा नसते, पुढची मुलगी होऊ नये अशी असते. नाव तिचे, पण बोलणे तिच्याशी नाही. चीनमध्ये मुलीला 'झाओदी', म्हणजे 'धाकट्या भावाला बोलाव', असे नाव देण्याची आणि तमिळनाडूच्या काही भागांत 'वेंडाम', म्हणजे 'नको', असे नाव ठेवण्याची चाल याच जातीची. प्राचीन रोममध्ये कुळावरून सर्व बहिणींना एकच नाव मिळे. कॉर्नेलियाच्या बहिणीही कॉर्नेलियाच. तेथे व्यक्तीची ओळख पुसट होती, पण विवाहानंतरही ते नाव तिच्याकडे राहत असे.

नाव देणारे हात कोणाचे, हा प्रश्न बारशातही आहे. बाराव्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. ती या घराची लेक, परंतु परघरी गेलेली. तिच्यासाठी कधी काळी दुसऱ्या कोणी ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे अक्षर रेखलेले असते. ताटातील ते अक्षर पुरुषाच्या हातचे, कानातील कुजबुज स्त्रीची. कागदोपत्री टिकते ते पहिले.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिणे बंधनकारक केले. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांना हा नियम लागू आहे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र तिचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही प्रचलित पद्धत चालू ठेवण्यात आली. आईची जी जागा नव्याने निर्माण झाली तीत तिने तिच्या दोन नावांपैकी कोणते लिहावे, याचा निर्णय घरोघरी जन्मनोंदणीच्या वेळी होत आहे.